चिठ्ठीत नाव कोणाचं हे सगळे विचारतात, चिठ्ठी कधीची हे कोणीच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात आणि खरं तर सगळ्याच पेपरांत दर दोन-चार दिवसांनी एक बातमी असते, कोणीतरी आत्महत्या केली, चिठ्ठी सापडली, चिठ्ठीत इतक्या इतक्या जणांची नावं, आणि शेवटी 'आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल'. बातमी तिथे संपते. पुढे काही वर्षांनी त्याच केसमधे आरोपी सुटले तर आतल्या पानावर चार ओळी येतात, आणि वाचणारा म्हणतो चिठ्ठीत नावं होती ना, मग सुटले कसे, पैसे चारले असणार. मी जिल्हा कोर्टात फौजदारी कामं करतो, २३ वर्षं झाली, कधी आरोपीकडून उभा राहिलो कधी फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकिलांना मदत म्हणून, आणि माझ्या समोर गेलेल्या अशा केसेसमधे पैसे-बैसे काही नव्हते. त्या केसेस तारखांनी गेल्या. चिठ्ठी कधी लिहिली, चिठ्ठीत जे लिहिलंय ते घडलं कधी, ती सापडली कधी, पोलिसांकडे गेली कधी. ह्या 'कधी'बद्दल पेपरात एक ओळ येत नाही आणि घरच्यांनाही कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र जरा लांबलं तरी छापा ही विनंती.

एक केस सांगतो, नाव-गाव नाही सांगणार. पोरगा खाजगी कंपनीत होता. तो गेला त्या दिवशी घरात काहीच सापडलं नाही, पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा झाला, त्यात स्पष्ट लिहिलं गेलं की चिठ्ठी वगैरे मिळून आली नाही. बाराव्या दिवशी बहिणीने त्याची ऑफिसची बॅग उघडली तर वहीत घडी घातलेला कागद. दोन पानं, अक्षर त्याचंच, वरच्या साहेबाचं नाव, सगळ्यांसमोर अपमान करतो, जगणं नकोसं केलंय असा मजकूर. तारीख नाही. आई-वडलांची अवस्था अशी की तो कागद त्यांनी देवघरात ठेवला, पाहुणे येत होते ते हातात घेऊन वाचत होते, आणि सतराव्या दिवशी कोणीतरी म्हणालं तेव्हा पोलिस स्टेशनला नेऊन दिला. पुढे हजेरीची कागदपत्रं आली तेव्हा कळलं की तो साहेब दोन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या शाखेत बदलून गेला होता. बचावाच्या वकिलाने एकच प्रश्न लावून धरला, हा कागद साहेब इथे असताना लिहिला का गेल्यावर, आणि लिहिला तेव्हा मरायचं ठरलं होतं का नुसता राग कागदावर काढला होता. उत्तर द्यायला पोरगा नाही. आरोपी खटला सुरू व्हायच्या आधीच डिस्चार्ज झाला, म्हणजे आरोपातून मोकळा झाला. बाहेर वऱ्हांड्यात वडील माझा हात धरून एवढंच म्हणत होते की वकील साहेब अक्षर त्याचंच आहे हो. अक्षराबद्दल वाद नव्हताच कोणाचा.

आता कायदा काय आहे ते सांगतो, कारण गोंधळ इथेच होतो. ह्यात दारं दोन आहेत आणि दोन्ही दारांवर वेळेचं माप वेगळं आहे. घरच्यांना वाटतं पहिलं दार उघडलं की झालं.

पहिलं दार म्हणजे चिठ्ठी पुरावा म्हणून वाचायची का नाही. एरवी जो माणूस कोर्टात येऊन शपथेवर सांगत नाही, ज्याची उलटतपासणी होत नाही, त्याचं म्हणणं वाचत नाहीत. पण मेलेल्या माणसाने स्वतःच्या मरणाच्या कारणाबद्दल किंवा ज्या घटनाक्रमातून मरण आलं त्याबद्दल काही सांगितलं-लिहिलं असेल तर ते चालतं. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ३२(१) होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात कलम २६ मधे गेलं, मजकूर जवळपास तोच. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात बोलणाऱ्याला मरण समोर दिसत असलं पाहिजे अशी अट होती, आपल्याकडे ती कधीच नव्हती, कलमात तसं सरळ लिहिलेलं आहे. म्हणजे चिठ्ठी मरायच्या आधल्या रात्रीचीच पाहिजे असं काही नाही. १९३९ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, पाकला नारायण स्वामी केसमधे सांगितलं की मरणाशी जवळचा संबंध असला पाहिजे, उगाच लांबचं काहीतरी नको. आणि १९८४ साली सुप्रीम कोर्टाचा जो निकाल आला तो तर आपल्या महाराष्ट्रातलाच, शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पुण्यात एका नवविवाहितेचा लग्नानंतर चार महिन्यांत मृत्यू झाला होता, तिने त्या काळात बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती, आणि प्रश्न हा की मरणाच्या आधी लिहिलेली ही साधी पत्रं ३२ मधे बसतात का. कोर्ट म्हणालं की जवळीक म्हणजे नुसते दिवस मोजणं नाही, मरण हा जर एका लांबत गेलेल्या घटनांच्या साखळीचा शेवट असेल तर त्या साखळीतल्या प्रत्येक टप्प्याबद्दलचं म्हणणं वाचता येईल. किती मोठी गोष्ट आहे ही. बायकांचा छळ एका दिवसात होत नसतो हे कोर्टाने त्या वेळी मान्य केलं.

पण त्याच केसचा शेवट काय झाला? पत्रं वाचली गेली आणि आरोपी निर्दोष सुटला. तिथे आरोप खुनाचा होता आणि ती आत्महत्या असू शकते ही शंका कोर्टाला दूर झालेली वाटली नाही, हे मला माहीत आहे, पण मला सांगायचं ते एवढंच की पुरावा वाचला जाणं आणि आरोप सिद्ध होणं ह्यात मोठी दरी असते.

दुसरं दार म्हणजे गुन्हा. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०६, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०८, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. आणि 'प्रवृत्त करणं' म्हणजे काय ते जुन्या कलम १०७ मधे आणि आता ४५ मधे आहे, चिथावणी देणं किंवा कटात असणं किंवा जाणूनबुजून मदत करणं. पहिल्या दारावर जे कोर्ट दिवस मोजू नका म्हणतं तेच कोर्ट इथे दिवस मोजायला बसतं. २००२ चा संजू ऊर्फ संजयसिंह सेंगर विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल आमच्यातला प्रत्येक वकील तोंडपाठ सांगेल, भांडण २५ जुलै १९९८ चं, त्यात 'जा मर' असं म्हटल्याचा आरोप, आणि मृत्यू २७ जुलैला. चिठ्ठीही होती. सुप्रीम कोर्ट म्हणालं की शब्द २५ तारखेचे आणि मृत्यू २७ चा, मधे दोन दिवस गेले, म्हणजे तो मृत्यू त्या शब्दांचाच थेट परिणाम म्हणता येत नाही, आणि केस रद्द केली. त्याच्या आधी १९९५ च्या स्वामी प्रल्हाददास केसमधेही असंच, रागात बोललेला शब्द आणि मयताला विचार करायला भरपूर वेळ होता. एम. मोहन केसमधे पोंगलच्या दिवशी १४ जानेवारी २००५ ला टोमणा मारला आणि मृत्यू १८ तारखेला, चार दिवसांचं अंतर कोर्टाला जास्त वाटलं. २००१ चा रमेश कुमार विरुद्ध छत्तीसगड सांगतो की रागाच्या भरात, परिणाम व्हावा असं मनात नसताना तोंडातून गेलेला शब्द म्हणजे चिथावणी नाही. आणि अमलेंदू पाल केसमधे तर सरळच म्हटलंय की नुसता छळाचा आरोप पुरत नाही, घटनेच्या वेळेच्या जवळ आरोपीने काहीतरी ठोस केलेलं दाखवा.

मला ह्या निकालांबद्दल काय वाटतं ते पण सांगतो. ते चूक आहेत असं मी म्हणत नाही. दहा वर्षांची शिक्षा आहे, घरात भांडणं होतात, ऑफिसात साहेब ओरडतात, उधारी मागणारा चार शब्द वाकडे बोलतो, त्या प्रत्येकाला जर समोरच्याच्या मरणासाठी जेलमधे टाकायचं ठरवलं तर कोणीच सुटणार नाही, आणि मी अशी माणसं बघितली आहेत ज्यांचं नाव चिठ्ठीत आलं म्हणून दोन-दोन महिने जामिनाविना गेले आणि ज्यांचा दोष एवढाच होता की त्यांनी दिलेले पैसे परत मागितले. पण दोन दिवस म्हणजे 'विचार करायला वेळ' हे मला आजही पटत नाही. ज्याला आपण मेलो तरच सुटू असं वाटायला लागलंय तो त्या दोन दिवसांत शांत बसून विचार करत नसतो हो, उलट तेच तेच डोक्यात फिरत असतं. मानसशास्त्र काय सांगतं ते कोर्टात कोणी मांडतच नाही, सरकार पक्ष चिठ्ठी दाखवतो आणि गप्प बसतो.

आणि असंही नाही की अंतर असलं की केस संपलीच. २००९ चा चित्रेश कुमार चोप्रा निकाल घ्या, धंद्यातल्या पैशाचा वाद, चिठ्ठी होती, कोर्ट म्हणालं आरोपीच्या सततच्या वागण्याने दुसरा मार्गच उरला नाही अशी परिस्थिती तयार केली असेल तर तीही चिथावणी होऊ शकते, आणि आरोप ठेवणं बरोबर धरलं. २०१२ मधे प्रवीण प्रधान केस, उत्तराखंडमधला इंजिनिअर, वरिष्ठांचं नाव चिठ्ठीत, तिथे कोर्टाने केस रद्द करायला नकार दिला कारण त्रास एकदाचा नव्हता, चालू होता. २०१९ च्या उदे सिंह केसमधे एका मुलीला पुन्हा पुन्हा अपमानित केलं गेलं होतं, तिथे शिक्षा कायम राहिली. म्हणजे बघा, फरक कशात पडला तर त्रास चालू होता हे दिसलं ह्यात, शेवटच्या दिवसापर्यंत धागा तुटला नव्हता ह्यात. आणि हा धागा एकटी चिठ्ठी दाखवू शकत नाही. चिठ्ठीत 'नेहमी', 'सगळ्यांसमोर', 'खूप दिवस' असे शब्द असतात, दुःखात माणूस तारखा लिहीत नाही, कॅलेंडर समोर ठेवून कोण लिहितं. तारखा बाहेरून याव्या लागतात.

२०२१ चा जिओ वर्गीस विरुद्ध राजस्थान पण वाचण्यासारखा आहे, शाळकरी मुलगा, नववीतला, चिठ्ठीत शाळेच्या पीटी शिक्षकाचा उल्लेख. कोर्टाने केस रद्द केली कारण शिक्षकाने नेमकं काय केलं, कधी केलं ह्याचा पत्ता ना चिठ्ठीत ना फिर्यादीत. नेताई दत्ता, २००५, तसंच, नाव आहे पण कृत्य नाही. मदन मोहन सिंह विरुद्ध गुजरात, २०१०, तिथे कोर्ट म्हणालं की ही चिठ्ठी म्हणजे खात्याकडे करायची तक्रार वाटते. हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. खात्याकडे करायची तक्रार. म्हणजे ती तक्रार जिवंतपणी खात्याकडे गेली असती आणि कोणी वाचली असती तर. आपल्याच औरंगाबादच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातल्या कर्मचाऱ्याच्या मृत्यूची केस २०१८ मधे सुप्रीम कोर्टात गेली होती, तिथे चिठ्ठीच नव्हती, बायकोची फिर्याद होती की कामाचा भार टाकत होते, आणि कोर्ट म्हणालं नुसत्या कामाच्या ओझ्यावरून वरिष्ठाच्या मनात तसा हेतू होता असं धरता येत नाही.

लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत वेळेचा हिशोब अजून वेगळा. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत आत्महत्या झाली आणि नवरा किंवा सासरच्यांनी क्रूर वागणूक दिली हे सिद्ध झालं तर कोर्ट प्रवृत्त केल्याचं गृहीत धरू शकतं, हे जुन्या पुरावा कायद्यातलं ११३अ कलम १९८३ मधे आलं, आता साक्ष अधिनियमात ११७. इथे लोकांचा गैरसमज असा की सात वर्षांच्या आत म्हणजे आपोआप शिक्षा. नाही. क्रूरता आधी सिद्ध करावी लागते, आणि गृहीत 'धरू शकतं' आहे, 'धरलंच पाहिजे' नाही. हुंडाबळीमधे मात्र 'धरलंच पाहिजे' आहे, पण तिथे छळ 'मृत्यूच्या थोडं आधी' झालेला दाखवावा लागतो. ह्या 'थोडं आधी'वरून किती वर्षं भांडणं चालली, शेवटी २०२१ मधे सतबीर सिंह केसमधे कोर्टाने पुन्हा स्पष्ट केलं की थोडं आधी म्हणजे लगेच आधी नव्हे, छळ आणि मृत्यू ह्यात जिवंत दुवा पाहिजे. जिवंत दुवा हा शब्द मला फार बरोबर वाटतो. माहेरी केलेला फोन, मैत्रिणीला पाठवलेला मेसेज, दवाखान्याचा कागद, महिला कक्षात दिलेला अर्ज, हे सगळे दुवे, आणि प्रत्येकावर तारीख असते.

आता सापडण्याबद्दल, कारण इथे चूक टाळता येण्यासारखी आहे. पोलिस इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मरण कशाने आलं ह्याची पहिली पाहणी, करतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे, आणि तो अहवाल २४ तासांत वर पाठवायचा असतो. त्या वेळी चिठ्ठी पंचांसमोर जप्त झाली तर तिचा जन्म नोंदला गेला असं समजा. आठ-पंधरा दिवसांनी नातेवाईक घेऊन आले तर प्रश्न सुरू, इतके दिवस कुठे होती, कोणी कोणी हाताळली, पंचनाम्यात 'चिठ्ठी नाही' का लिहिलंय. उशिरा सापडली म्हणजे खोटी असं अजिबात नाही, माणसं कपाट महिनाभर उघडत नाहीत, त्यांच्याकडून होत नाही ते. पण मग ती कोणाला, कुठे, कोणत्या दिवशी मिळाली हे जबाबात लगेच आलं पाहिजे, आणि जिथे मिळाली तिथलाच पंचनामा झाला पाहिजे. खूपदा चिठ्ठी स्टेशनच्या टेबलावर 'हजर केली' म्हणून घेतात आणि काम झालं. दुसरं एक, नवीन संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने जागेवर जायचं कलम १७६(३) मधे आलंय, राज्यांना ते लागू करायला मुदत दिली आहे, पण सुरुवातीला हा गुन्हाच नसतो ना, नुसती अकस्मात मृत्यूची नोंद असते. गुन्हा दाखल होईपर्यंत ती खोली धुवून पुसून झालेली असते. ह्याचा विचार गृहखात्याने केला पाहिजे असं माझं मत.

अक्षराचं पण तसंच. चिठ्ठी तज्ज्ञाकडे जाते तेव्हा जोडीला मयताचं नेहमीचं अक्षर लागतं आणि ते त्याच सुमाराचं असलेलं चांगलं, दहावीतली वही आणि पस्तिशीतली चिठ्ठी जुळवायला दिली तर अहवाल 'निश्चित मत देता येत नाही' असा येतो आणि मग त्याचा फायदा आरोपीला. बँकेचा फॉर्म, ऑफिसचा रजेचा अर्ज, किराण्याची वही, काहीही चालेल, पण त्या वर्षातलं. हे सगळं तपास अधिकाऱ्याने पहिल्या आठवड्यात गोळा करायचं असतं, आमच्याकडे फाइल येते तेव्हा चार्जशीटच्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात मागवलेलं दिसतं.

आणि आता तर कागद कमी आणि मोबाइल जास्त. व्हॉट्सॲपवर मेसेज, स्टेटस, व्हिडिओ, नोट्समधे लिहिलेलं. लोकांना वाटतं मोबाइलवर वेळ दिसते म्हणजे प्रश्नच मिटला. मिटत नाही, वाढतो. तुम्ही ती नोट उघडली, खाली चुकून बोट लागलं, की 'शेवटचा बदल' म्हणून आजची वेळ पडते आणि ज्या माणसाला जाऊन चार दिवस झाले त्याच्या नोटमधे आजचा बदल दिसतो, बचावाला ह्यापेक्षा काय पाहिजे. मेसेज फॉरवर्ड केला की वेळ फॉरवर्डची येते. स्क्रीनशॉट म्हणजे चित्राचं चित्र. शिवाय असा इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, जुनं ६५ब, आणि प्रमाणपत्र लागतंच हे २०२० मधे सुप्रीम कोर्टाने अर्जुन पंडितराव खोतकर केसमधे पक्कं केलं, ती केस आपल्या जालन्याच्या निवडणुकीची होती. नवीन कायद्यात तर हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा एक प्रकारचा डिजिटल ठसा, पण द्यायची. तेव्हा घरात असा फोन असेल तर तो उघडून सगळ्या नातेवाईकांना दाखवत बसू नका, आहे तसा पोलिसांना द्या आणि जप्तीची प्रत मागून घ्या. ती मागायला लाजू नका.

जानेवारी २०२५ मधे महेंद्र अवासे केसमधे सुप्रीम कोर्टाने पोलिसांना आणि कोर्टांनाही सुनावलं की दुःखात असलेल्या घरच्यांच्या भावना तेवढ्यापुरत्या शांत करायला म्हणून ३०६ लावू नका, आणि खालच्या कोर्टांनीही 'आपण कशाला जोखीम घ्या' म्हणून यांत्रिकपणे आरोप ठेवू नयेत. मला हे दोन्ही बाजूंनी पटतं. कारण पहिल्या दिवशी घाईने कलम लावून घरच्यांना जे दिलं जातं ते न्याय नसतो, पाच वर्षांनी परत घ्यायचं उसनं असतं. त्याऐवजी पहिल्या दिवशी तारखा गोळा करा.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, आणि हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. लोकांत अशी समजूत पसरली आहे की मरताना नाव लिहिलं की समोरचा अडकतो, आयुष्यातून उठतो, मेल्यावर तरी न्याय मिळतो. हे खरं नाही. मी वर जेवढे निकाल सांगितले त्यातले बहुतेक आरोपी सुटलेले आहेत. चिठ्ठी हा पुरावा म्हणून दुबळा कागद आहे कारण तिला प्रश्न विचारता येत नाही. जे 'कधी' कोर्टाला हवं असतं त्याचं उत्तर फक्त एक माणूस देऊ शकत होता. तोच माणूस जिवंत असताना जेव्हा अर्ज देतो, त्यावर तारीख पडते, आवक नंबर पडतो, साधी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) असली तरी स्टेशनला नोंद होते, कंपनीत मेल जातो, कामगार आयुक्तांकडे जातो, घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जातो, तो स्वतः साक्षीला उभा राहतो, उलटतपासणीत चिडतो रडतो पण सांगतो, तेव्हा केस टिकते. माझ्याकडे छळाच्या ज्या केसेस टिकल्या त्या जिवंत बायकांच्या होत्या. एकीने तर मला नंतर सांगितलं की तिनेही चिठ्ठी लिहून ठेवली होती, भावाला संशय आला म्हणून तो रात्री निघून आला, तीच चिठ्ठीतली वाक्यं आम्ही तारखा घालून फिर्यादीत घेतली आणि तिने स्वतः कोर्टात सांगितली. नवऱ्याला शिक्षा झाली.

आणि ज्यांच्या घरात कोणी प्रयत्न करून वाचलं असेल ते लपवतात, पोलिस केस होईल म्हणून दवाखान्यातही खोटं सांगतात. आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं कलम ३०९ नवीन न्याय संहितेत उरलेलं नाही, सरकारी माणसावर दबाव आणायला केलेल्या प्रयत्नाचं तेवढं २२६ ठेवलंय, आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असं धरायचं आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची. म्हणजे डॉक्टरला खरं सांगा, गुन्हेगार म्हणून कोणी नेणार नाही.

संपादक साहेब, आता तुमच्याकडे मागणं. चिठ्ठीचा फोटो छापू नका. त्यातली नावं पहिल्याच दिवशी छापू नका. प्रेस कौन्सिलने २०१९ मधे आत्महत्येच्या बातम्यांसाठी नियम स्वीकारले आहेत, ठळक मथळा नको, पद्धतीचं वर्णन नको, तरी आपल्या जिल्ह्याच्या पानावर चिठ्ठीचा फोटो येतो आणि त्यात शेवटची ओळ लाल गोल करून. तो फोटो जप्तीच्या आधी काढलेला असतो कारण पोलिस यायच्या आधी तो ग्रुपवर फिरलेला असतो, आणि नंतर कोर्टात बचावाचा वकील पेपरचं कात्रण दाखवून विचारतो की चिठ्ठी पंचांना मिळायच्या आधी पत्रकाराला कशी मिळाली. मी स्वतः विचारलाय हा प्रश्न, आरोपीकडून असताना, आणि त्याचा फायदा माझ्या अशिलाला झालाय. समोर मयताची आई बसली होती.

बातमी द्यायचीच असेल तर खाली चौकटीत टेलिमानस ह्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या, १४४१६, सरकारचा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आणि त्याच चौकटीत एवढंही छापा की त्रास होत असेल तर आज तक्रार करा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना वकील फुकट मिळतो, जिल्हा कोर्टाच्या इमारतीतच त्यांचं ऑफिस असतं, वकील नसला तरी सरळ आत जाऊन विचारता येतं.

आपला,
जिल्हा न्यायालयात वकिली करणारा एक वाचक